शिक्षक डबा वाटून खातात, मग वर्गाचं दार का लावून घेतात?

सर, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. सोलापूरला लागून असलेली अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी, २२ शिक्षक. जूनपासून तुम्ही मुख्याध्यापक आहात. शिक्षकांनी एकमेकांना धरून राहावं, एकमेकांकडून शिकावं म्हणून तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, तुळजापूर-नळदुर्गची सहल नेली, सभेत दोनदा कळकळीने बोललात. ग्रुपवर सुप्रभात आणि वाढदिवसांचे केक. सभेत सगळे खाली मान घालून बसलेले. संस्थेने १५ हजार रुपये देऊ केलेत, त्यातून बाहेरचा वक्ता बोलवावा का, आणि नाही तर काय करावं?

वक्त्याचं शेवटी सांगते.

मी शहराच्या पूर्व भागातल्या एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं, त्यातली शेवटची ९ मुख्याध्यापिका म्हणून. एकमेकांकडून शिकण्याचं वातावरण नाही असं तुम्ही ज्याला म्हणता ते मला आमच्या शिक्षक-खोलीत रोज दिसायचं, फक्त उलट्या बाजूने. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कोणी कोणाला विचारत नसे. शेंगाची चटणी एकीची, कडक भाकरी दुसरीची, हात सरळ पुढे. घंटा झाली की तीच माणसं आपापल्या वर्गात जाऊन दार लावून घ्यायची. कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाचं कर्ज किती, सगळं ठाऊक. पण शेजारच्या वर्गात अपूर्णांक कसे शिकवतात, ते वीस वर्षं शेजारी राहून माहीत नाही. तेव्हा तुमच्याकडे आपुलकीची टंचाई असेल असं मला वाटत नाही. सहलीने आपुलकी वाढते, आणि ती तुमच्याकडे आधीच असावी. अडचण ही आहे की आपल्याला काय जमत नाही हे दुसऱ्याला दिसू देणं शिक्षकाला धोक्याचं वाटतं. बहुतेक वेळा तो धोका खरा असतो.

काही गोष्टी तुमच्या शाळेवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. दोन गट आहेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते गट जुने विरुद्ध शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून आलेले नवे असे असतील, तर काम सोपं आहे, नव्यांना शिकायचं असतं आणि जुन्यांना कोणीतरी विचारलेलं आवडतं. संस्थेतल्या दोन घराण्यांचे गट असतील तर ते तुमच्याने मिटणार नाहीत, मिटवायला जाऊही नका. आणि सेवाज्येष्ठतेत तुमच्या मागोमाग असलेली व्यक्ती दुखावलेली असेल, तर तिच्याशी एकदा घरी जाऊन बोला. सभेत नाही. घरी.

आता पहिलं काम. ऐकून तुम्हाला वाटेल, याचा शिकण्या-शिकवण्याशी काय संबंध. टेबलाच्या खणातले कागद काढा. १२ वर्षं झालेल्यांचे वरिष्ठ वेतनश्रेणीचे प्रस्ताव, २४ वर्षं झालेल्यांचे निवडश्रेणीचे, वैद्यकीय बिलं, सेवापुस्तकातल्या राहिलेल्या नोंदी. मी खुर्चीवर बसले तेव्हा अकरा जणांचं काही ना काही अडकलेलं होतं. एका सरांचा प्रस्ताव त्रुटी लागून परत आला होता आणि तो परत आलाय हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी आणि लिपिक दिवाळीच्या सुट्टीत बसलो आणि सगळं मार्गी लावलं. त्यानंतर त्या सरांकडे मी काहीही मागितलं तरी ते हो म्हणत. ज्याचं न्याय्य ते तुमच्या खणात कुजतंय, त्याला तुम्ही सहकार्यावर बोललात तर तो मनात काय म्हणेल हे मी इथे लिहीत नाही.

दुसरी गोष्ट सभेतल्या गप्प बसण्याबद्दल, आणि त्यासाठी मला माझीच चूक सांगावी लागेल. मुख्याध्यापिका झाल्याच्या दुसऱ्या वर्षी एक तरुण शिक्षक माझ्या खोलीत येऊन म्हणाले, “मॅडम, नववी ड मला आवरत नाही. तास संपेपर्यंत घसा बसतो.” मला फार बरं वाटलं, विश्वासाने सांगतायत म्हणून. त्याच आठवड्याच्या सभेत मी उत्साहाने म्हणाले, “आपल्या या सरांना नववी ड जड जाते आहे, अनुभवी मंडळींपैकी कोण मदत करेल?” हेतू चांगलाच होता. सरांनी वर पाहिलं नाही. कोणीतरी मागून हसलं. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष माझ्या खोलीत येऊन कोणीही “मला जमत नाही” म्हटलं नाही. सगळ्यांचं सगळं छान चाललेलं! पाठ तपासायला गेले की ठेवणीतला पाठ, पाठ केलेली उत्तरं देणारी चार मुलं पुढच्या बाकावर.

तुमच्या सभेतली शांतता तुमच्यामुळे आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या आधी कोणीतरी कधीतरी असंच काही केलं असेल, आणि शाळा ते विसरत नाही. पण त्यातून मी एक नियम केला आणि निवृत्त होईपर्यंत पाळला. खोलीत कोणी अडचण सांगितली तर ती सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय खोलीबाहेर जाणार नाही, चांगल्या हेतूनेही नाही. आणि एकमेकांचा तास पाहताना लिहिलेला कागद लॉगबुकात, शेरेबहीत, गोपनीय अहवालात कुठेही जाणार नाही. तास संपला की तो कागद ज्याचा तास त्याच्या हातात द्यायचा, त्याने फाडला तरी चालेल. तपासणी वेगळी, ती मुख्याध्यापकाला करावीच लागते आणि तिची नोंदही ठेवावी लागते. दोन्ही एका फेरीत उरकायला गेलात की दोन्ही गेली.

आता सुरुवात कोणी करायची? तुम्ही. दुसरा कोणी करणार नाही, का करेल? तुम्ही अजून तास घेता का हे लिहिलेलं नाही, घेत नसाल तर एक वर्ग घ्या. मी आठवीला एकचल समीकरणं शिकवायचे. एका बुधवारी मी चार जणांना विनंती केली की माझ्या तासाला मागे बसा. मी कशी शिकवते ते पाहू नका, मागच्या दोन बाकांवरची मुलं काय करतात तेवढंच लिहा. तास माझ्या मते झकास झाला. मुलं माना डोलवत होती, फळ्यावरचं उत्तर बरोबर आलं. मग आमच्या चित्रकलेच्या सरांनी कागद दिला. त्यावर लिहिलं होतं की खिडकीकडच्या शेवटच्या बाकावरच्या दोन मुलांनी पस्तीस मिनिटांत एकही गणित स्वतः सुरू केलं नाही, मी फळ्यावर ओळ लिहीपर्यंत ती पेन धरून थांबत आणि मग उतरवून घेत. वही मात्र सुंदर.

मी ती वही कितीतरी वेळा तपासून त्यावर बरोबरची खूण केली होती.

हे मी पुढच्या सभेत सांगितलं. माझं होतं म्हणून सांगू शकले. कागद वाचून दाखवला आणि विचारलं की आता मी काय करू. त्या दिवशी त्या सभेत पहिल्यांदा लोक एकमेकांच्या मध्ये बोलायला लागले. एका बाईंनी सुचवलं की फळ्यावर पायरी लिहिण्याआधी दोन मिनिटं खडू खाली ठेवा. साधी गोष्ट, पण ती मला इतक्या वर्षांत कोणी सांगितली नव्हती, कारण कोणी माझ्या वर्गात बसलंच नव्हतं. चित्रकलेच्या सरांना गणितातलं फारसं कळत नव्हतं हे उलट बरं झालं. गणिताचा शिक्षक मागे बसला की तो गणित पाहतो, यांनी मुलं पाहिली. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण तो घेतो, बाकीचे मुलांकडे पाहत बसतात आणि नंतर त्यावर चर्चा करतात. शंभरहून जास्त वर्षं हे चालू आहे. मला ते फार नंतर कळलं. आमचा बुधवार नुसता अंदाजाने सुरू झाला होता.

आता बुधवारच का, तर वेळापत्रकामुळे. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेक शाळांत गाडी इथेच अडते. मुख्याध्यापक म्हणतात, “वेळ काढा.” कुठून काढणार? ऑफ तास असतात ते बदली तासांत, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर, जातात. शाळा सुटल्यावर थांबा म्हटलं तर बायकांना घरी स्वयंपाक, कोणाची बस, कोणाची एसटी. शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून अकरानंतर बसवलं तर माणसं शरीराने बसतात. वेळ शाळेच्या घड्याळातूनच काढावा लागतो आणि वेळापत्रक तुमच्या हातात आहे. आम्ही बुधवारी तिसऱ्या तासाला वरच्या वर्गांना शारीरिक शिक्षण, चित्रकला आणि कार्यानुभव एकदम लावलं, दोन तुकड्या मैदानावर एकत्र केल्या. त्यामुळे गणित आणि विज्ञानाचे पाच जण एकाच वेळी मोकळे झाले. भाषांसाठी गुरुवार. पर्यवेक्षकांना एकच ताकीद दिली, काहीही होवो, या तासातून बदलीला कोणालाही काढायचं नाही. माणूस कमी पडला तर मी स्वतः वर्गावर जाईन. पहिल्या वर्षी कित्येक बुधवारी गेले. पंधरा दिवसांतून पस्तीस मिनिटं, एवढ्यावर सगळं उभं राहिलं. खेळाच्या सरांनी मात्र कुरकुर केली, आणि ती रास्त होती. त्यांच्या मैदानावर आम्ही दुप्पट मुलं सोडली होती. पुढच्या वर्षी ते बदललं.

त्या पस्तीस मिनिटांत काय करायचं हे न ठरवता बसलात तर डीएची, म्हणजे महागाई भत्त्याची, चर्चा होईल. आम्ही वह्या घेऊन बसायचो. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या तीन वह्या आणायच्या, नावावर कागद चिकटवून. एक बरी, एक मधली, एक ज्याच्याकडे पाहून जीव तुटतो अशी. प्रश्न एकच असायचा, या मुलाच्या डोक्यात काय चाललंय?

पहिला मोठा शोध तिथेच लागला. नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा गतीचे नियम. व्ही बरोबर यू अधिक ए टी, त्यातून त्वरण काढायचं. विज्ञानाचे सर दरवर्षी म्हणायचे, गणितवाल्यांनी समीकरणं शिकवलेलीच नाहीत. आम्ही म्हणायचो, आमच्याकडे तर मुलं सोडवतात. वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं. आठवीत मी शिकवायचे, दोन्ही बाजूंना सारखीच क्रिया करा. दोन्हींतून वजा करा, दोन्हींना भागा. नववीत सर सांगायचे, पद पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं. दोन्ही आपापल्या जागी चालतं. पण मूल दोन्ही एकत्र करायचं. ‘टी’ पलीकडे नेताना चिन्ह बदलायचं म्हणून ते भागण्याऐवजी वजा करायचं. एकाच्या वहीत नव्हे, बऱ्याच वह्यांत तीच चूक. दोघेही वर्षानुवर्षं तिला ‘निष्काळजीपणा’ म्हणत आलो होतो.

मग आम्ही ठरवलं की पाचवीपासून दहावीपर्यंत, गणितात असो वा विज्ञानात, भाषा एकच. ‘पलीकडे नेणं’ हा शब्द शाळेत बंद. पाचवीच्या बाईंनी तेव्हा हसत सांगितलं की वजाबाकीचंही असंच आहे, काही मुलं खालच्या शाळेतून ‘हातचा’ घेऊन येतात, काही ‘उसना’. एका मुलाने त्यांना विचारलं होतं, बाई, उसना घेतलेला दहा परत कधी करायचा? त्या वर्षी आम्ही जवळच्या दोन प्राथमिक शाळांतल्या चौथीच्या शिक्षकांनाही चहाला बोलावलं. एकमेकांकडून शिकणं म्हणतात ते माझ्या लेखी एवढंच. तिथे कोणी कोणाला शिकवत नव्हतं. दोघांच्या मधल्या फटीत मूल पडत होतं आणि ती फट एकट्याला कधी दिसली नसती.

इथवर लिहिलं त्यात क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून पुन्हा सांगते. आधी कागद, मग तोंड बंद ठेवण्याचा नियम, मग तुमचा स्वतःचा तास उघडा, आणि मगच वेळापत्रक. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी वेळापत्रकात ‘सहकार्य तास’ घातलात, तर तो आणखी एक रकाना होईल आणि लोक तो छान भरतील.

जे येणार नाहीत त्यांचं काय? येतील तेवढ्यांनिशी चालवा. आमच्याकडे एक ज्येष्ठ सर दोन वर्षं आले नाहीत. मी एकदाही विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी ते वह्या घेऊन आपणच आले आणि “तुम्ही लोक उगाच लांबण लावता” म्हणत सगळ्यांत जास्त बोलले. पण जो तासावरच जात नाही, वर्गात मोबाइल पाहतो, मुलांना मारतो, त्याच्यासाठी हा मार्ग नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार बंदी आहे आणि तिथे तुम्ही लेखी, नियमाने, त्वरित वागलं पाहिजे. पाठीशी उभं राहणं आणि पांघरूण घालणं यांत गल्लत झाली की चांगलं काम करणाऱ्यांचा तुमच्यावरचा विश्वास आधी उडतो. मी हेही पाहिलंय की ज्या शिक्षकाला वर सगळ्यांसमोर बोलणी बसतात तो ती तशीच वर्गात घेऊन जातो. चौथ्या तासाला एखाद्या मुलाला विनाकारण मार बसला की दुसऱ्या तासाला मुख्याध्यापकाच्या खोलीत काय झालं ते विचारावं.

शिक्षक-खोलीबाहेरच्या लोकांना विसरू नका. आमच्या भागात घरी तेलुगू बोलणारी पद्मशाली मुलं बरीच. पाचवीत एक मुलगी दिवाळीपर्यंत वर्गात एक शब्द बोलली नव्हती. तिच्याबद्दल बुधवारी दोनदा बोलणं झालं, बुद्धीचं काही असेल का इथवर आम्ही गेलो. शेवटी खिचडी वाढणाऱ्या मावशींनी मला अडवलं, “मोठ्या बाई, ती तर माझ्याशी चुरूचुरू बोलते की.” तेलुगूत बोलायची. मावशींना आठवड्यातून दोनदा पाचवीच्या वर्गात गोष्ट सांगायला बसवलं, अर्धी तेलुगूत, अर्धी मराठीत. आम्हा पदवीधरांच्या बैठकीला जे सुटलं नाही ते असं सुटलं. शाळेत कोणाला काय येतं याची यादी पदांवरून केली तर असल्या गोष्टी निसटतात.

पालकांचं थोडक्यात. अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची भूमिका कायद्याने सल्लागाराची आहे, म्हणून ती बऱ्याच ठिकाणी सहीपुरती उरते. पण सभासदांत तीन चतुर्थांश आई-वडील असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, हे वापरण्यासारखं आहे. आमच्या पालकसभेला कोणी येत नाही म्हणून आम्ही रडायचो. मग एका आईनेच विचारलं की विड्या कारखान्यात द्यायच्या वेळीच तुम्ही सभा का ठेवता? वडील यंत्रमागावरची रात्रपाळी करून झोपलेले, आई विड्यांचा माल घेऊन रांगेत, आणि आम्ही इकडे पालकांच्या उदासीनतेवर ठराव लिहितोय. वेळ बदलली, माणसं आली. आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, गड्ड्याच्या आठवड्यात सभाच ठेवू नका, सोलापुरात राहून हे मला तुम्हाला सांगावं लागू नये!

तुम्ही लिहिलंय की आपल्याकडे एखादे डिसले गुरुजी असते तर बाकीचे आपोआप बदलले असते. मला तसं वाटत नाही. रणजितसिंह डिसले यांनी माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत केलेलं काम आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार याचा जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षकाला अभिमान आहे, मलाही. पण त्या बातमीतली माझी आवडती ओळ वेगळी आहे. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून देण्याचं जाहीर केलं. शाळेत एक तारा असला की पुष्कळदा बाकीचे म्हणतात, ते त्यांचं आहे, आपलं नाही. मी माझ्या सर्वांत हुशार शिक्षिकेला मुद्दाम दर्शनी पाठ द्यायला सांगत नसे. तिला मागे बसवायचे, दुसऱ्याच्या वर्गात.

आता तुमचे १५ हजार. वक्ता बोलावू नका. वक्ते वाईट नसतात, मीही एकदोनदा टाळ्या वाजवल्यात, पण त्या दिवशी बोलणारा एक असतो आणि ऐकणारे बावीस, म्हणजे तुमच्या सभेत आत्ता चालू आहे तेच, फक्त हार-नारळासह. तुमच्या वर्गांत मागे बसायला जागा आहे का ते आधी पाहा. आमच्याकडे नव्हती. पाहायला आलेला शिक्षक भिंतीला टेकून उभा राहायचा आणि उभा माणूस वर्गात तपासनीसच दिसतो, मुलांनाही आणि शिक्षकालाही. मी प्रत्येक वर्गासाठी दोन साध्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेतल्या आणि त्या कायमच्या मागच्या भिंतीशी ठेवल्या. रिकाम्या असल्या तरी. पहिले काही दिवस मुलं विचारायची, आज कोण येणार? नंतर विचारेनाशी झाली. पैसे उरले तर वह्यांच्या झेरॉक्स काढायला आणि बुधवारच्या चहाला ठेवा. संस्थेला पावती खुर्च्यांची द्या, चहाची देऊ नका, लेखापरीक्षक त्यावर शेरा मारतो.